घरातली विडी आणि कुमुदिनीताई

डॉ. कुमुदिनी बर्डे यांच्या पंचवटीतल्या प्रसूतिगृहात मी प्रथम गेले ती नोकरी मागायला. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. नर्सिंगचं शिक्षण नुकतंच संपलं होतं, आणि आमच्या वस्तीतून या कामाला निघालेली मी पहिलीच मुलगी. बाईंनी माझं आडनाव ऐकलं, पण बाकीचे विचारतात तसं त्यापुढचं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "पेशंट काही लपवतेय असं वाटलं तर काय कराल?"

मी म्हटलं, "पुन्हा विचारीन."

"आधी बरोबरच्या माणसांना बाहेर बसवा. मग विचारा." आणि मला कामावर घेतलं.

बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या शस्त्रक्रियेतल्या कौशल्याबद्दल जाणकार लिहितीलच. मला पार्वतीबद्दल सांगायचं आहे. तिला विचारूनच लिहिते आहे. "नाव तेवढं बदला ताई, बाकी समदं ल्हा," असं ती म्हणाली.

पार्वती सिन्नरजवळच्या एका खेड्यातली. दोनदा गर्भपात झालेला. तिसऱ्या खेपेला सातव्या महिन्यातच मूल झालं, मुठीएवढं, आणि गेलं. त्यानंतर दिवसच राहत नव्हते. सासू तिला घेऊन आल्या त्या निर्वाणीचं बोलायच्या तयारीनेच. "बाई, औंदा काय झालं नाय तं पोराचं दुसरं लगीन लावावं लागंल."

बाईंनी नवऱ्यालाही बोलावून घेतलं. तो औद्योगिक वसाहतीत कामाला होता. विडी ओढता का, असं विचारल्यावर तो हसला. "ओढतो की. माय बी ओढती. घरात समदेच."

मग बाईंनी दोघांना बाहेर बसवलं. मी दार लावलं. बाईंनी तोच प्रश्न, त्याच आवाजात, पार्वतीला विचारला. ती पदराचं टोक पिळू लागली.

"सासूबाई म्हणत्यात, चुलीवर इडी पेटवून आण. पेटवायची म्हंजी झुरका घ्यावा लागतो. तसं करता करता लागली. आता नाय ओढली तं डोकं धरतं." मग एकदम बाईंचे हात धरून म्हणाली, "घरी सांगू नका. मला हाकलून देतील."

मला वाटलं, आता बाई रागावणार. त्या काळी विडी ओढणाऱ्या बाईकडे डॉक्टरही कसे बघत ते मी पाहिलं होतं. बाईंनी मात्र तिला समजेल अशा शब्दांत सांगितलं, की धूर छातीतून रक्तात उतरतो, मग नाळेतून बाळाला हवा तेवढा प्राणवायू पोचत नाही, बाळ वाढत नाही, वेळेआधी येतं, कधी टिकत नाही. दिवस राहायलाही त्यानं उशीर होतो. "तुझी मुलं त्यामुळेच गेली असं मी म्हणत नाही. ते कुणालाच नक्की सांगता यायचं नाही. पण ही एक गोष्ट आपल्या हातात आहे."

दार उघडून त्यांनी मायलेकांना आत घेतलं. "हिला धूर चालणार नाही. आजपासून तुमच्या घरात विडी येणार नाही. चुलीपाशी नाही, ओट्यावर नाही, कुणाच्या खिशात नाही."

"पोट तिचं, मी कशापायी सोडू?" नवरा म्हणाला.

"मूल दोघांचं ना? विडीनं पुरुषाचं बीजही खराब होतं. हिला तपासलं, आता तुम्हालाही तपासणार आहे."

पार्वतीचं गुपित असं राहिलं. मायलेकांनी बाईंचं ऐकलं, आणि घरात विडीच नसल्यामुळे तिला ती सोडताही आली. सोपं मुळीच नव्हतं. मधे एकदा तिनं शेजारणीकडे जाऊन ओढली आणि रडत येऊन सांगितलं. बाई म्हणाल्या, "येऊन सांगितलंस हे बरं केलंस. चल, आजपासून पुन्हा."

बाईंनी कधी कुणाला मुलाचं आश्वासन दिलं नाही. नामपूरकडचं एक जोडपं होतं. नवऱ्यानं सिगारेट कायमची सोडली, तरी मूल झालं नाही. तो चिडून म्हणाला, "मग सोडून काय उपयोग झाला?" तो गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "त्याचा राग बरोबर आहे. आपल्याला सगळं कळत नाही, सिस्टर." त्या जोडप्याशी त्यांनी संबंध मात्र तोडला नाही. पुढे त्यांनी मुलगी दत्तक घेतली, तेव्हा बारशाला बाई स्वतः गेल्या होत्या.

पार्वतीला वर्षभरानं दिवस राहिले. नऊ महिने भरले आणि मुलगी झाली, चांगली भरल्या अंगाची. सासू नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बाई तपासायला आल्या तेव्हा म्हातारीनं मान वर न करताच म्हटलं, "डॉक्टरीणबाई, पारू इडी ओढायची. मला ठावं व्हतं."

पार्वती खाटेवर पांढरीफटक पडली.

"तिला पेटवाया मीच लावली," म्हातारी म्हणाली. "आन् वांझ बी मीच म्हनत व्हते."

बाईंनी वाकून नातीच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. "झालं ते झालं. आता हिला कधी पेटवायला लावू नका."

म्हातारीनं मान हलवली. मग हात लांब करून सुनेच्या पायावरून फिरवला. पार्वती भिंतीकडे तोंड करून रडत होती, पण तिनं पाय मागे घेतले नाहीत.

बाई, हजारो बाळांना तुम्ही पहिला श्वास घेताना पाहिलंत. तुमचाही श्वास असाच मोकळा राहो, हात असेच स्थिर राहोत. आम्हाला तुम्ही अजून पुष्कळ वर्षं हव्या आहात.