वहीत नसलेलं उत्तर

मला आयुष्यभर 'शिष्ट' म्हणणाऱ्या समस्त पावण्यांनो, ऐका! मला ऑटिझम आहे. आज एकेचाळिसाव्या वर्षी कळलं आणि पेढे वाटावेसे वाटतायत.

डॉक्टरांना मी माझी वही दाखवली. लोकांशी काय बोलायचं, ते सातवीपासून त्यात लिहून पाठ करते. 'जेवलीस काय?' विचारलं तर 'व्हय, तुमी?' एवढंच म्हणायचं, काय जेवले ते सांगत बसायचं नाही. हळदीकुंकवात कधी हसायचं, तेही लिहिलंय.

डॉक्टर म्हणाल्या, "तुम्ही इतकं छान निभावलंत, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नाही."

निभावलं खरं. पण प्रत्येक कार्यक्रमानंतर दार लावून पडायचे, ते कुणाला दिसलं?

मंगळवार पेठेत परतले, तर शेजारच्या काकू गॅलरीतून ओरडल्या, "कुठं गेलतीस गं?"

वहीतलं उत्तर तयार होतं: 'इथंच, बाजारात.'

मी खालून ओरडले, "डॉक्टरकडं! मला ऑटिझम हाय, जन्मापासनं!"

अख्ख्या गल्लीनं ऐकलं. काकू जिना उतरून खाली आल्या आणि हळूच म्हणाल्या, "आमची पिंकी बी पावणं आलं की बाथरूममधी जाऊन बसती. तिला बी दाखवूया की."

तुमच्या घरातल्या शांत, गुणी पोरीनं तिची वही कुठं लपवलीय?