अस्वल नाही म्हणालं

निवृत्त झाल्यावर बाबा हौशी नाटकमंडळीत शिरले आणि आयुष्यातली पहिली भूमिका मिळाली ती अस्वलाची. दुसऱ्या अंकात मरायचं आणि पडदा पडेपर्यंत मेलेलं राहायचं, बस्स. पण पहिल्याच प्रयोगात मेलेलं अस्वल लागोपाठ शिंकत सुटलं. प्रेक्षक हसून लोटपोट, आणि बाबांचं तोंड एवढंसं. दिग्दर्शकाने बजावलं, "पुन्हा शिंकलात तर भूमिका दुसऱ्याला."

बाबांना वाईट वाटलं, आणि थोरल्या मुलीला त्याहून जास्त. कारण अस्वलाचा पोशाख ज्या दुकानातून भाड्याने आला होता, त्या दुकानाचा प्रोग्राम तिनेच लिहिला होता! न धुतलेला पोशाख बाहेर द्यायचा नाही, हा नियम तिने काउंटरच्या स्क्रीनमध्ये घातला होता. पुढे फोनवरून बुकिंग सुरू झालं, आणि तिथे तो घालायचा राहिला. त्या वाटेने अस्वल आधीच्या नटांच्या घामासकट बाबांच्या अंगावर चढलं.

"तिथेही टाकू की, दोन ओळींचं काम," ऑफिसातला सहकारी म्हणाला.

"आणि उद्या तिसरी वाट निघाली की?" थोरली उखडली. "दारोदार पहारेकरी कशाला? नियम पोशाखाच्या ऑब्जेक्टमध्येच, म्हणजे प्रोग्राममध्ये जो तुकडा तो पोशाख असतो त्याच्यातच ठेवू. आपण मळलोय हे अस्वलालाच ठाऊक हवं. कुणीही कुठूनही मागो, ते स्वतःच नाही म्हणेल."

तिने तसंच केलं. आता 'धुतलेला' असं बाहेरून कुणाला लिहिताच येईना. धुलाईची नोंद झाली तरच पोशाख स्वतःला स्वच्छ म्हणे. थोरली भलतीच खूश होती.

दुसऱ्या प्रयोगाच्या सकाळी दुकानवाल्या बाईंचा फोन आला. "अहो, तुमचं अस्वल अडून बसलंय. दुसऱ्या एका नाटकाहून काल रात्रीच परत आलंय, आणि धुलाईवाला सुट्टीवर!"

बाबा रडकुंडीला आले. "अगं, तूच लिहिलंयस ना? बापासाठी एकदा आत शिरून 'धुतलेलं' करून टाक."

डेटाबेसमधला तो एक शब्द बदलणं म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ. तिने लॅपटॉप उघडलासुद्धा. मग बाबांकडे बघितलं आणि मिटला.

"शब्द बदलेल बाबा, घाम नाही बदलणार. पुन्हा शिंकाल. चला, बाह्या सरसावा."

दुकानामागच्या मोरीत बापलेकीने अस्वल धुतलं. ओलं झाल्यावर ते उचलवेना, पिळवेना, आणि अर्धं पाणी थोरलीच्याच अंगावर. पंखे, इस्त्री, केस वाळवायचं यंत्र, सगळं जुंपलं. संध्याकाळी बाईंनी अस्वलाच्या काखेत नाक खुपसून हुंगलं, मग धुलाईची नोंद केली. अस्वल निमूट निघालं.

दुसरा अंक. अस्वल मेलं. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती, आणि तेवढ्यात सणसणीत शिंक आली. दिग्दर्शक ताडकन उठला. पण रंगमंचावर अस्वल निपचित पडलं होतं. नाकाला रुमाल लावून पहिल्या रांगेत थोरली अंग चोरून बसली होती.

पडदा पडल्यावर ती आत गेली. अस्वलाच्या जबड्यातून बाबांचा प्रसन्न आवाज आला, "काय गं, न शिंकायचा नियम तुझ्यात घालायचा राहिला वाटतं?"