न पुसलेली फरशी

माझा थोरला भाऊ बुंदार जन्माचा भित्रा. इराणातल्या आमच्या काशान शहरात विंचू फार, म्हणून जोडा सगळेच झटकून घालतात. हा झटकलेला जोडा पुन्हा झटकायचा. भट्टीला तर विंचवाहून जास्त भ्यायचा, आणि पोट त्याच भट्टीवर.

आमच्या फरश्यांची चकाकी दुसऱ्या भाजणीत येते. पांढऱ्या झिलईवर चांदी-तांब्याच्या लेपाने रंगवायचं आणि भट्टीत धूर कोंडायचा. फरशी बाहेर येते तेव्हा तिच्यावर लेपातल्या मातीची खपली असते. ओल्या फडक्याने ती पुसली की खाली सोनं चमकतं. धूर कमी पडला असेल तर काहीच नसतं.

माहकवहिनी गेली, तेव्हा त्याने तिच्या थडग्यासाठी फरशी रंगवली. मधे नाव, भोवती डाळिंबाची वेलबुट्टी. अशी फरशी उमरावांच्या नशिबी. लेपासाठी तिच्याच बांगड्या वितळवल्या; दुसऱ्या फरशीपुरती चांदी उरली नाही.

भट्टीत धूर कोंडला आणि बातमी आली. रय शहर लुटून तातार स्वार आमच्याकडे वळले होते.

शेजारचा भटारी शीरजाद भिंतीवरून ओरडला, "बुंदार, विझव ती भट्टी! तुझा धूर बघून सरळ दारात येतील!"

"आणि तुझा तंदूर काय अत्तर सोडतो?" मी फटकारलं.

"तो सकाळीच विझवलाय, बाई. पोरी शिळं खाताहेत."

 

"थोडाच वेळ दे रे," बुंदार म्हणाला. "अजून धूर धरला नाही फरशीने."

शीरजादचा आवाज उतरला. "माझ्या पोरी आहेत रे, दादा."

बुंदारने भट्टीकडे पाहिलं. मग निखारे ओढून काढले आणि त्यांवर वाळू लोटली.

रात्रभर आम्ही तळघरात श्वास धरून बसलो. स्वार आलेच नाहीत, दुसऱ्या वाटेने गेले.

भट्टी निवल्यावर मी ओलं फडकं आणलं. "बाजूला सर, मी पुसते."

"नको."

"अरे, कळू दे तरी!"

"नको गं. आत्ता खपलीखाली ती चमकत असेलही."

खपलीसकट त्याने ती थडग्यावर बसवली. त्यानंतर आभाळ जरा काळवंडलं की हा घोंगडं घेऊन कबरस्तानात पळायचा, फरशीवरची माती धुऊन जाईल म्हणून. मी त्याला खूप हसले.

आता तोही तिच्या शेजारी निजलाय. आज ढग भरून आलेत, मी घर पालथं घातलंय, आणि ते घोंगडं कुठे ठेवलंय तेच सापडत नाही.