करडीतला 'जी'

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. "धान कापून झालंय, चल, गाव दाखवतो," असं हे म्हणाले आणि मी, साताऱ्याची मुलगी, पहिल्यांदाच विदर्भात निघाले.

नागपूरहून एसटी, वाटेत शहापूरला चहा, मग भंडाऱ्याला उतरून करडीची गाडी. ती चुकली की दुसरीसाठी ताटकळत बसायचं. जायचं तर हिवाळ्यातच जा. धान निघालेली शेतं, मधूनमधून तळी, आणि हवा अशी की प्रवासाचा शीण वाटत नाही.

दारात पोचतो तोच शेजारची विमल आली. शाळेत यांच्या वर्गात होती. तिचं लग्न अजून व्हायचं होतं.

"काय जी, कवा आले?"

"आत्ताच येऊन राहिलो जी."

जी! मला ठाऊक होतं ते हिंदी सिनेमातल्या बायकांचं, नवऱ्याला म्हणतात ते. आणि पुण्यात आमच्या घरी 'चहा' एवढ्या एका शब्दात हुकूम सोडणारा माझा नवरा इथे लोणी झाला होता! जेवायला लाखोळीची डाळ, वाफाळता भात आणि तळ्यातले मासे. म्हणे चव अप्रतिम होती. मला कळली नाही. विमल वाढत होती ना.

"घ्या ना जी, लाजता कायले?"

दुसऱ्या दिवशी ती मला तळ्यावर घेऊन गेली. "मोठे द्या जी," ती मासेवाल्याला म्हणाली.

"मोठेच हायेत जी."

घरी येऊन सासूबाईंना विचारलं, तर त्या हसल्या. "आमी भांडतानाबी जी लावतो, बाई."

जीव भांड्यात पडला. संध्याकाळी बांधावरून फिरताना यांना सगळं हसत हसत सांगितलं. हे हसले नाहीत.

"मला ती जी म्हणत नसे," हे म्हणाले. "'काय बे मध्या' म्हणायची. आपलं लग्न ठरलं, तेव्हापासून जी लावते."



निघताना विमल गाडीपर्यंत आली. "या जी परत, वयनीले घेऊन." हे नुसतेच "हो जी" म्हणाले आणि गाडी वळेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

करडीहून काय आणलं, असं कुणी विचारलं की मी तांदूळ सांगते. पुण्याला परतल्यावर एका सकाळी यांच्यासमोर चहा ठेवला आणि म्हटलं, "काय बे मध्या, साखर बरोबर आहे का?"

हे दचकून हसले. इतकं मोकळं हसताना मी यांना कधी पाहिलं नव्हतं. मग मान वर केली, समोर मी आहे हे पाहिलं, आणि पुन्हा पेपर उघडला.