दर कडव्याला नवं लुगडं

साड्या ऊन दाखवायला बाहेर काढल्या, की मला भूमजवळच्या त्या गावातली दूध सोसायटीची खोली आठवते. दुष्काळाचं साल होतं, दुधाचे कॅन रिकामे पडलेले, आणि त्या आंबूस वासात अख्खं गाव आठवड्यातून एकदा टीव्हीवरची गाणी बघायला बसायचं. मी तिथल्या शाळेत नवखी शिक्षिका, खोली घेऊन एकटीच राहायचे. माझ्या शेजारी दुष्काळी कामावर खडी फोडणारी एक जण बसायची; तिचा नवरा भिवंडीला यंत्रमागावर कामाला, वर्षातून एकदा यायचा, तोही एका दिवसापुरता. पडद्यावर बाग, कारंजं, झाडामागून धावणं, आणि नटीची साडी दर कडव्याला वेगळी. काळ्या-पांढऱ्यातही काठ बदललेले कळायचे. ती बोटांवर मोजायची आणि गाणं संपलं की खुशीत सांगायची, "चार लुगडी झाली, बाई. म्हंजी चार दिस ऱ्हायला त्यो तिच्यापाशी." मला मेलीला शहाणपण कुठलं गप्प बसू देतंय! मी म्हटलं, "अहो, साड्या नुसत्या बदलतात. गाणं एकाच दिवसातलं असतं." तिनं मोजलेली बोटं मिटून घेतली. मग म्हणाली, "आसं व्हय? म्हंजी त्यो बी एकाच दिसासाठी आल्ता." पुढच्या आठवड्यात तिची जागा रिकामी होती, आणि त्यानंतरही. आता माझा मुलगा पुण्याहून सकाळी येतो, संध्याकाळच्या गाडीनं जातो. परवा तो गेल्यावर मोबाइलवर एक गाणं बघत बसले, आणि ध्यानात आलं, मी बोटांवर मोजतेय. पाच साड्या झाल्या होत्या, आणि मला बरं वाटत होतं.