फाट्यावरून आत

मी माढ्याच्या दवाखान्यात नर्स होते, तेव्हा टेंभुर्णीच्या गाडीवर एक कंडक्टर असायचा. घंटेची दोरी न ओढता तो पत्र्यावर थाप मारायचा आणि प्रत्येक म्हातारीला ‘मावशे’ म्हणायचा.

त्या वर्षी सरकारचा पैसा हमरस्त्याच्या डांबरात गेला. आतल्या एका गावचा तीन मैलांचा रस्ता खड्ड्यांतच राहिला, म्हणून गाडी फाट्यावरच थांबायची. माझ्याकडे क्षयाचं औषध घेणाऱ्या त्या गावच्या एक मावशी तेवढं अंतर चालून फाट्यावर येत आणि तिथून त्याच्या गाडीनं माढ्याला. एकदा त्या दोन आठवडे आल्याच नाहीत. कंडक्टरनं मला विचारलं, “सिस्टर, औषध मधीच सुटलं तर?”

“दुखणं पुन्हा उलटतं,” मी म्हणाले.

सुट्टीच्या दिवशी तो खाकी गणवेशातच फावडं आणि मी दिलेलं मावशींचं औषध घेऊन त्या गावात गेला. “खड्डं तुमी भरा, सायबाला मी आणतो,” असं म्हणून त्यानं मुरमाची पहिली पाटी स्वतः टाकली. मग अख्खं गाव कामाला लागलं. महिन्याभरात डेपोचे साहेब रस्ता बघून गेले आणि गाडी आत न्यायचा हुकूम निघाला.

पहिल्या गाडीनं मीच औषध घेऊन गेले. लोक हलगी वाजवत होते. मावशी आल्या, औषध कनवटीला लावलं आणि थेट गाडीत जाऊन बसल्या.

“कुटं निघालीस, मावशे?” कंडक्टरनं विचारलं.

“लेकीकडं, टेंभुर्णीला. दोन वर्सं गेले न्हाय.”

“आन् परत कशी येणार?”

“आता सांजची गाडी गावात येती की! फाट्यापासनं अंधारात चालाया नको.”

तो इतका हसला, की तिकीट फाडायचंच विसरला.