कोण आलं व माय?

ढाणकीजवळच्या पंचफुलाबाईच्या अंगात वीस वर्षांपासून दर मंगळवारी मरीमाय येत होती. बाई घुमाले लागली की लोक विचारत, "कोण आलं? नाव सांग." तिनं देवीचं नाव घेतलं की बाया गाऱ्हाणी मांडत.

यंदाच्या सप्त्यात कीर्तनाच्या बुवानं सांगतलं, "मी कोण, हे सोताले पुसा. आत बसून सारं पाह्यते ते कोण, ते पाहा." तवापासून बाईले चैन नव्हतं. वेचताना अर्धा कापूस झाडालेच राहून जाय. घुमतानाही आत कोणीतरी न हलता सारं पाह्यत राह्यते, हे तिले पक्कं ठाऊक होतं.

त्या मंगळवारी तिची जाऊ रत्नकला नारळ घेऊन पुढं बसली. रत्नकलाची पोरगी नवऱ्यानं पाच महिन्यांआधी माहेरी धाडली होती.

"कोण आलं व माय?"

पंचफुला घुमता घुमता थांबली. "कोणी नाही आलं व. जे हाये ते पहिलेपासून इथंच हाये."

"मंग माह्या पोरीचं कोणाले सांगू?"

"मले सांग. मी आयकतो."

"तुले सांगाचं असतं तं चुलीजवळच नसतं सांगतलं?" रत्नकलानं नारळ उचलला अन् चालू पडली.

पंचफुला मोकळ्या केसांनं तिच्यामागं धावली. पण देवी म्हणून थांबवावं की जाऊ म्हणून, हे तिले फाटकापर्यंत उमजलं नाही.